बाटलीवरचं नाव

अण्णांनी ड्रमला कान लावला, डोळे मिटले आणि हातानंच मला गप्प राहायची खूण केली.

"अजून बोलतंय," ते म्हणाले.

"काय बोलतंय?"

"काय ते मला काय ठावं? पण बारीक बारीक चाललंय आत. थंडीनं झोपलंय, मेल्यालं न्हाय."

मेलबर्नजवळच्या वेरिबीतल्या आमच्या नव्या घराचं ते गॅरेज होतं. जुलै महिना, म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा. अण्णा माकडटोपी, दोन स्वेटर आणि माझ्या बायकोनं, वृंदानं, आणून दिलेले जाड मोजे घालून उलट्या क्रेटवर बसले होते. समोरच्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये मी घरी केलेली तेवीस लिटर बिअर होती. माझ्या वडिलांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता, पण भांड्यात बंद केलेल्या वायूचं काय चाललंय हे त्यांना डॉक्टरला छातीतलं कळावं तसं कळायचं. आमच्या गावी, विट्यात, त्यांनी चाळीस वर्षं गोटी सोड्याची फॅक्टरी चालवली. 'पोरे सोडा वॉटर फॅक्टरी, स्थापना १९६८.' फॅक्टरी म्हणजे दोन खोल्या, हातानं फिरवायचं एक मशीन, तोंडावर बांधायची जाळी आणि हणमंतकाका नावाचा एकुलता एक कामगार. आई गेली त्या वर्षी अण्णांनी ती बंद केली. मग मी त्यांना तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आणलं.

आल्यावर पहिले पंधरा दिवस ते खिडकीपाशी नुसते बसून होते. टीव्हीची भाषा कळेना, बाहेर चिटपाखरू दिसेना. आमची दीड वर्षाची जुई अंगाखांद्यावर खेळायची तेवढाच विरंगुळा. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

बिअर करायचं वेड मला उदय फडतरेनं लावलं. उदय साताऱ्याचा, माझ्याच ऑफिसातला. याआधी दोनदा मी त्याच्या हाताखाली बिअर केली होती आणि दोन्ही वेळा आम्ही ती त्याच्या केगमध्ये, म्हणजे स्टीलच्या उभ्या टाकीत भरली होती. उदय बाटल्यांच्या नावानं बोटं मोडायचा.

"सुह्या, एक भांडं धुवायचं, एक भरायचं, नळ लावायचा, संपलं," तो म्हणाला. "गॅस जास्त झाला तर वरची झडप फुस्स करते, कुकरच्या शिट्टीसारखी. माझा एक केग मोकळाच पडलाय. घेऊन जा."

"या वेळी बाटल्याच भरणार," मी म्हटलं.

"पासष्ट बाटल्या धुशील? पासष्ट बुचं मारशील? कशासाठी?"

कशासाठी ते मी लेबलं छापून आधीच ठरवून ठेवलं होतं. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी नव्या घराची पार्टी होती. ऑफिसचे लोक, माझा साहेब, शेजारी, आपली मंडळी, चाळीस-बेचाळीस माणसं. प्रत्येकानं जाताना हातात एक बाटली घेऊन जावं आणि तिच्यावर लिहिलेलं असावं: पोरे, विटा, स्थापना १९६८. अण्णांच्या जुन्या सोड्याच्या लेबलावरचा मोर मी जसाच्या तसा काढून घेतला होता. टाकीवर चिकटवलेलं लेबल कोण बघणार?

अण्णांना ते दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"दारूवर आमचं नाव?" ते म्हणाले. मग लेबलावर बोट ठेवून, "मोराची मान वाकडी झालीय बघ. नीट कर."

म्हणजे परवानगी मिळाली. मी मान सरळ केली.

अडचण वृंदाची होती. वृंदाला माझी बिअर, माझी लेबलं, माझा उत्साह, कशाचंच वावडं नव्हतं. तिला वावडं होतं माझ्या थापांचं. आदल्या वर्षी माझी नोकरी गेली आणि मी ती गोष्ट तिच्यापासून दीड महिना लपवली. रोज सकाळी डबा घेऊन निघायचो आणि वाचनालयात जाऊन बसायचो. तिला कळलं तेव्हा ती रडली नाही, भांडली नाही. जुई तेव्हा सहा महिन्यांची होती. तिला मांडीवर घेऊन वृंदा एवढंच म्हणाली, "नोकरीचं काही नाही सुहास. पण यापुढे एकदा जरी खोटं बोललास तरी मी हिला घेऊन पुण्याला जाईन. मी उगाच धमक्या देत नाही." ती उगाच काहीच बोलायची नाही. पुढे मला नोकरी मिळाली, घर झालं, तरी ते वाक्य आमच्या दोघांच्या मध्ये तसंच होतं. अण्णांना ते मीच एकदा फोनवर सांगितलं होतं.

"केगमध्ये भर ना," ती म्हणाली. "जुई चालायला लागलीय. घरात पासष्ट काचेच्या बाटल्या आणि आत गॅस. उदयच सांगत होता, लवकर भरलं तर फुटतात."

"लवकर भरलं तर. मी लवकर भरणारच नाही."

"कशावरून कळतं लवकर की उशिरा?"

मी तिला ती तरंगणारी काचेची नळी दाखवली. बिअर ड्रममध्ये आंबत असते तोवर आतली साखर कमी होत जाते, तसतशी नळी खाली बुडते आणि तिच्यावरचा आकडा उतरतो. या बिअरचा आकडा बारापर्यंत उतरायला हवा होता आणि सलग तीन दिवस तिथंच थांबायला हवा होता. मग भरायचं.

"ठीक आहे," वृंदा म्हणाली. "रोजचा आकडा फ्रिजवर कागदावर लिही. तीन बारा दिसल्याशिवाय एक बाटली भरायची नाही. शब्द?"

"शब्द," मी म्हटलं.

बाटल्या जमवायच्या कामानं अण्णांच्या अंगात जीव आला हे मात्र खरं. कोपऱ्यावरच्या हॉटेलातून, शेजाऱ्यांकडून, उदयकडून रिकाम्या बाटल्या आल्या. अण्णा गॅरेजमध्ये टबात गरम पाणी घेऊन बसले. एकेक बाटली ब्रशनं घासायची, उजेडात धरायची, मग बोटाच्या नखानं टिचकी मारून कानाशी न्यायची.

"ही बद्द वाजतीया. काढ बाजूला."

"अण्णा, चांगली आहे की. चीर कुठं दिसतीय?"

"दिसंल तेव्हा उशीर झाल्याला आसतोय." त्यांनी ती बाजूला ठेवली. "चाळीस वर्सं सोडा इकला. जत्रंत, लग्नात, सिनेमाच्या थेटरावर. माझ्या बाटलीनं कुणाला ओरखडा न्हाय आला. इचार विट्यात कुणालाबी."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत होतो. लोकांच्या वडिलांकडं जमीन असते, पदव्या असतात. माझ्या वडिलांकडं हे एक वाक्य होतं. कुठल्याही पाहुण्याला ते चहाच्या आधी हे सांगायचे आणि आई आत पदरानं तोंड दाबून हसायची.

अण्णांनी चौदा बाटल्या बाद केल्या. उरलेल्या पासष्ट अशा चकाकत होत्या की भरायला जीव होऊ नये. दुपारी जेवून झालं की ते लेबलं चिकटवत बसायचे, पट्टी लावून, सगळे मोर एका उंचीवर. जुई शेजारी बसून प्रत्येक मोराला टाटा करायची. त्या आठवड्यात ते खिडकीपाशी एकदाही बसले नाहीत. मी मनात म्हटलं, बघ वृंदा, केग आणला असता तर हे झालं असतं का? स्वतःला पटवायला माणसाला कारणं कधी कमी पडत नाहीत.

पण आकडा उतरेना. सोमवारी अठरा, मंगळवारी अठरा, बुधवारी अठरा. गॅरेजमध्ये बर्फ पडल्यासारखी थंडी. बाटलीत भरल्यावर बिअर किमान दोन आठवडे तरी राहायला हवी, आणि पार्टीला सतरा दिवस उरले होते. उदयला फोन केला तर तो म्हणाला, "ड्रम घरात ऊबेला आण, आठवडाभर थांब. नाहीतर केग घे. केगमध्ये गॅस बाहेरनं भरता येतो, पार्टीच्या आदल्या दिवशी भरलीस तरी चालेल."

फोन ठेवला तेव्हा माझं डोकं तापलं होतं. केग घेतला की पासष्ट बाटल्या रिकाम्या राहणार. अण्णांचे पासष्ट मोर आणि माझी सगळी मिरवणूक गॅरेजमध्येच. त्याच वेळी अण्णांनी ड्रमला कान लावला आणि अजून बोलतंय म्हणाले, ते मी सुरुवातीलाच सांगितलं.

"अण्णा, तुमच्या सोड्यात गॅस बाहेरनं भरायचा," मी म्हटलं. "हे वेगळं आहे."

"वेगळं हाय म्हणूनच सांगतोय. आमचा सोडा भरला की गप बसायचा. ह्ये गप बसनारं न्हाय. थांब जरा."

"थांबायला वेळ नाही."

ते नळीकडं बघत होते. नळी अठरावर तरंगत होती. इंग्रजी आकडे अण्णांना चांगले यायचे. गॅसच्या मीटरवर त्यांचं आयुष्य गेलं होतं.

मी आत गेलो. फ्रिजवरच्या कागदावर आदल्या दोन दिवसांचे आकडे अजून लिहायचेच होते, कारण अठरा लिहायचा मला धीर झाला नव्हता. मी पेन घेतलं आणि एकाखाली एक लिहिलं. बारा. बारा. बारा. मागं वळलो तर स्वयंपाकघराच्या दारात अण्णा उभे होते, हातात चहाचा रिकामा कप. त्यांनी कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, कप बेसिनमध्ये ठेवला आणि गॅरेजकडं परत गेले.

गुरुवारी आम्ही भरलं. प्रत्येक बाटलीत आधी एक छोटा चमचा साखर, कारण त्या साखरेनंच बंद बाटलीत गॅस होतो. मग बिअर, मग बूच. साखर मी घालत होतो, बूच अण्णा मारत होते. मधे एकदा ऑफिसचा फोन आला म्हणून मी दहा मिनिटं बाहेर गेलो होतो. शेवटचं बूच मारून झाल्यावर अण्णा म्हणाले, "ह्या थंडीतच ठेव. आत नेऊ नको."

पण बाटलीत गॅस व्हायला ऊब लागते, हे मी कुठंतरी वाचलेलं होतं. मी सगळे क्रेट उचलून कपडे धुवायच्या खोलीत नेऊन ठेवले. गरम पाण्याचा बंब तिथंच होता.

दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी मी अंगणात गवत कापत होतो. वृंदा जुईला कडेवर घेऊन मशीनमधून कपडे काढायला गेली. गवत कापायच्या मशीनच्या आवाजात मला पहिला बार ऐकूच आला नाही. दुसरा आणि तिसरा ऐकू आला, पाठोपाठ, आणि मग वृंदाची किंकाळी.

मी पोचायच्या आधी अण्णा पोचले होते. सत्तर वर्षांचा माणूस, मोज्यांवर घसरत, त्या काचांतून आत शिरला होता. आणखी बाटल्या फुटतच होत्या. त्यांनी एक जाड गोधडी क्रेटवर टाकली, जुईला माझ्या हातात कोंबलं आणि वृंदाला ओढून बाहेर काढलं. जुईला काहीही झालं नव्हतं. तिच्या तोंडासमोर वृंदानं उजवा हात आडवा धरला होता. मनगटापासून कोपरापर्यंत हात चिरून उघडा पडला होता.

इस्पितळात तीन तास शस्त्रक्रिया झाली. हात वाचला. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट कायमचं बधिर राहील असं डॉक्टर म्हणाले. वृंदा शाळेत चित्रकला शिकवायची. डॉक्टर बोलत होते तेव्हा ती त्या दोन बोटांकडं दुसऱ्या कुणाची असावीत तशी बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. स्वयंपाकघरात बसली. फ्रिजवर कागद तसाच होता.

"तीन बारा आहेत," ती हळू आवाजात म्हणाली. "मग फुटल्या कशा?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते देवाला माहीत. मी खरं सांगणार होतो असं मला नंतर कितीदा तरी वाटून घ्यावंसं वाटलं, पण तसं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

"सुहास, तू आकडा बघितला होतास ना? खरं सांग. मला फक्त खरं हवंय."

"पोरी," अण्णा म्हणाले. ते दारात उभे होते, त्यांच्याही पायाला पट्ट्या होत्या. "त्याला नको इचारू. माझ्या हातनं झालं त्ये."

वृंदानं वळून बघितलं.

"हा फोनवर गेल्ता. मला वाटलं साखर थोडी पडलीय. सोडा कसा जोरात पायजे, फसफसला पायजे, तसं मनात आलं. मी सगळ्या बाटल्यांत आनिक एकेक चमचा घातला. ह्याला सांगितलं न्हाय."

अण्णांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते वृंदाच्या हाताकडं बघत होते.

मी त्या वेळी 'नाही' म्हणू शकलो असतो. एवढं दोन अक्षरांचं काम होतं. मी जुईला उचललं आणि म्हटलं, "जाऊ दे आता. झालं ते झालं." हे शब्द माझ्या तोंडून आले, आणि ते ऐकायला अण्णा तिथं होते.

वृंदा अण्णांना एका शब्दानं टोचून बोलली नाही. रोज त्यांच्या पायाची पट्टी डाव्या हातानं बदलायची. पण एकदा मी अंघोळीला निघालो तेव्हा ती खालच्या आवाजात म्हणाली, "जुईला अण्णांजवळ एकटं सोडू नकोस. त्यांचं वय झालंय, त्यांना कळत नाही." मधली भिंत लाकडाची होती. पलीकडं जुई अण्णांच्या मांडीवर बसली होती. थोड्या वेळानं अण्णांनी तिला स्वतःच उचलून आणलं आणि वृंदाच्या शेजारी ठेवलं. त्यानंतर त्यांनी जुईला मांडीवर घेतलं नाही. ती हात पसरून यायची, तर ते उठून उभे राहायचे.

पार्टी झाली नाही. उरलेल्या बाटल्या उदयनं, तोंड झाकणारं हेल्मेट घालून, एकेक करून मोकळ्या केल्या. उदयला अठराचा आकडा माहीत होता. त्यानं मला त्याबद्दल कधी विचारलं नाही, आणि पुढं तो घरी येईनासा झाला.

अण्णांनी तिकीट महिनाभर आधीचं करून घेतलं. विमानतळावर मी त्यांची बॅग ढकलत होतो. आत जायच्या दाराशी माझा बांध फुटला.

"अण्णा, मी तिला सांगतो. आज घरी जाऊन सांगतो."

"गप."

"तुम्ही साखरेला हातसुद्धा लावला नव्हता."

"हळू बोल." त्यांनी माकडटोपी काढून खिशात घातली. "आपल्या फॅक्टरीत बाटली फुटली तर कुनी भरली, कुनी धुतली, ह्ये कधी इचारलं व्हतं का मी? हणमंताला इचार. बाटलीवर नाव कुनाचं असायचं?"

"तुमचं."

"ह्याबी बाटलीवर माझंच व्हतं न्हवं? मोर-बीर काढून? मग झालं तर." त्यांनी बॅग माझ्या हातातून घेतली. "ती पोर जाईल म्हनलीय तर जाईल. मी बघितलंय तिला. माझं काय, फॅक्टरी बंद झालीय. नावाला आता काय करायचंय?"

ते आत गेले. वळून बघतील म्हणून मी उभा राहिलो. ते वळले नाहीत, आणि परत कधी वेरिबीला आलेही नाहीत.

मी सांगितलं नाही. त्या आठवड्यात नाही, त्या वर्षात नाही. आधी वाटलं वृंदाचा हात बरा होऊ दे. मग वाटलं आता सांगून काय उपयोग. वृंदा डाव्या हातानं चित्रं काढायला शिकली. संसार चांगला चालला, खरंच चांगला, आणि हे मला सगळ्यात जास्त खुपायचं. हळूहळू ती गोष्ट लोकांत सांगण्यासारखी झाली. कुणी हातावरच्या व्रणाचं विचारलं की वृंदा हसून सांगायची, "आमचे सासरे सोडावाले ना, त्यांनी हौसेनं बिअरमध्ये डबल साखर घातली." लोक हसायचे. मीही हसायचो. फोनवर अण्णा पहिल्यांदा तिच्या हाताचं विचारायचे, मग बाकीचं.

आठ वर्षांनी अण्णा गेले. आम्ही तिघंही विट्याला गेलो. तेराव्याला जेवणं आटोपल्यावर अंगणात माणसं बसली होती. मागच्या बंद खोलीत ते मशीन धूळ खात उभं होतं आणि खुंटीवर तोंडाची जाळी तशीच टांगलेली होती. हणमंतकाका आता पार वाकले होते. जुईला जवळ बसवून ते तिला आजोबांच्या गोष्टी सांगत होते. अण्णा पाहुण्यांना चहाच्या आधी जे सांगायचे, ते आता सांगणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"चाळीस वर्सं, बाय," हणमंतकाका म्हणाले. "पर अन्नांच्या बाटलीनं कुनाला ओरखडा न्हाय आला."

वृंदा माझ्या शेजारी बसली होती. तिचे डोळे भरले होते, आणि ती मायेनंच हसली. तिनं डाव्या हातानं आपली ती दोन बधिर बोटं चोळली आणि फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "एकदा सोडून."

"तेव्हाही नाही," मी म्हणालो.

तिचा बोटं चोळणारा हात थांबला.